मुंबईत घरातलं माणूस गेल्यावर अंत्यसंस्काराचा खर्च आवाक्यात कसा ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की वडील सिरियस आहेत, हातात फार पैसे नाहीत, काय काय बघून ठेवू, आणि ते असताना हे असलं विचारणं वाईट दिसतं का. अजिबात दिसत नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा सगळा खर्च मी लिहून ठेवला, त्यावरून "प्रेत दारात आणि ही पैसे मोजत बसली" असं सासरी अजून बोललं जातं, म्हणून मुद्दाम उत्तर देतेय.

पहिली गोष्ट, मुंबईत नुसतं दहन करायला पैसे लागत नाहीत. पालिकेच्या स्मशानात लाकडं पालिका फुकट देते, एका मयताला साधारण ३०० किलो. तिरडीचं सामान, मडकं, कापड, गोवऱ्या हे स्मशानाजवळच्या दुकानात एकत्र बांधून मिळतं, पण भाव घरच्या माणसाने विचारू नये, शेजारच्या कोणाला तरी पाठवावं, कारण रडून डोळे सुजलेल्या माणसाला चंदनाच्या काड्या आणि तुपाचे डबे बरोबर चिकटवले जातात. आम्ही भांडुपचे, सोनापूरला नेलं, चाळीतल्या पोरांनी तिरडी बांधली, गाडी मंडळाची. त्या दिवसाचा खर्च म्हणाल तर काहीच नाही.

पैसे जातात ते नातेवाईकांच्या तोंडी लागून. आई गेल्याचा फोन गावी गेला (आम्ही देवगडकडचे) तसं मोठे भाऊजी म्हणाले गावी आणा, वाडी थांबलीय. आमचे मिस्टर लगेच हो म्हणून बसले. मी ॲम्ब्युलन्सवाल्याला विचारलं तर २६ हजार, बर्फाचे वेगळे, ४०० च्या वर किलोमीटर, त्यात तो गोवा हायवे. आईंनी अख्खा संसार भांडुपला केला, वर्षातून गणपतीला काय ते गावी जायच्या. मी सरळ सांगितलं, ज्यांना तोंड बघायचंय त्यांनी रात्रीच्या गाडीत बसा, आम्ही सकाळपर्यंत थांबतो. भाऊजी फोनवर म्हणाले, "पैशे काय, येतले नि जातले, आये परत येवची नाय." ऐकायला किती छान ना. पण येतले कुठून ते कोण सांगणार, मिस्टरांची कंपनी तेव्हा बंद पडायला आली होती आणि नर्सिंग होमचं बिल आधीच माझ्या भिशीतून गेलेलं. बरं, ते बिल थोडं बाकी होतं तर तिथल्या काउंटरवाल्याने बॉडी मिळणार नाही म्हणून सांगितलं होतं. असं अडवता येत नाही, महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमसाठी तसा नियमच आहे, त्यामुळे तुमच्याशी कोणी असं बोललं तर लेखी द्या म्हणा.

मग बारावा. भाऊजींनी तो गावी घातलाच, सगळी वाडी जेवली, पाहुणे वेगळे, आणि पतपेढीचं कर्ज काढून केलं हे आम्हाला नंतर कळलं, अर्धा हप्ता मागितला तेव्हा! मी दिला नाही. इथे आम्ही दहावा बाणगंगेला केला, गुरुजींशी सामानासकट एकच रक्कम आधी ठरवली. दानाला छत्री, चपला, गादी सगळं नवं पाहिजे म्हणाले, मी म्हटलं त्याबदल्यात जमेल तेवढी दक्षिणा देते, तर लगेच चाललं. कावळा पण शिवला, हे सासरच्यांसाठी सांगून ठेवते.

खरा घोळ वेगळाच होता. आईंनी काहीच सांगून ठेवलं नव्हतं. त्यामुळे भाऊजी म्हणायचे आईची इच्छा होती गावी जायची, नणंद म्हणायची आईला जेवण घातलेलं आवडलं असतं, ज्याला जे करायचं होतं ते त्याने आईंच्या तोंडी घातलं आणि मी कंजूष ठरले. तुमचे वडील बोलत असतील तर त्यांनाच विचारा, तेही चार नातेवाईक खोलीत असताना, म्हणजे उद्या कोणी नवीन इच्छा काढणार नाही. पैसे वाचवायचा ह्याहून मोठा उपाय मला तरी माहीत नाही. आता ज्याची ऐपत आहे, मनापासून करायचंय, त्याने गाव जेवू घालावं, माझं काही म्हणणं नाही. आणि कोणाला खरंच गावच्याच मातीत जायचं असेल तर तो खर्च मी पण केला असता.

बाकी पटापट. घरीच गेले तर डॉक्टरच्या दाखल्याशिवाय स्मशानात घेत नाहीत, तेव्हा रात्री-अपरात्री फॅमिली डॉक्टर येईल का हे आत्ताच विचारून ठेवा. वडिलांचं बँक खातं तुमच्या आईबरोबर जॉइंट, आयदर ऑर सर्व्हायव्हर (म्हणजे दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो, पैसे काढू शकतो), करून घ्या, नाहीतर स्वतःचेच पैसे अडकतात. देहदानाचा विचार असेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजात चौकशी करा, त्यात दहनाचा प्रश्नच येत नाही, पण पोस्टमॉर्टेम झालं तर सहसा घेत नाहीत, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला लागते, हॉस्पिटलात गेले तर ते कळवतात, तरी झाली का ते बघा. आणि मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती जास्तच काढा, बँक, विमा, पेन्शन सगळीकडे लागतात, गावच्या सातबाऱ्यावर वारस नोंद करायला पण लागतो. त्या प्रतीसाठी मात्र भाऊजींचा फोन स्वतःहून आला होता, आणि प्रेमाने बोलले.