सेल्फ घरी खोलायचा का?

प्रश्न: माझी जुनी पेट्रोल गाडी आहे. चावी फिरवली की बऱ्याचदा नुसतं 'टक्' होतं आणि इंजिन ढिम्म. चार-पाच वेळा फिरवली की मग एकदम मस्त स्टार्ट होते. बॅटरी नवी आहे. पाने-पक्कड चालवायची सवय आहे, तर सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) घरीच खोलू का सरळ नवा टाकू?

उत्तर: खोला की! पण आधी मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) घ्या, कारण निम्म्या वेळा दोष सेल्फमध्ये नसतोच, टर्मिनल गंजलेलं नाहीतर अर्थिंगची वायर ढिली असते आणि लोक उगाच अख्खा सेल्फ बदलून मोकळे होतात. सेल्फ मारताना बॅटरी 9.6 व्होल्टच्या खाली जात असेल तर नवी असली तरी ती चार्ज करून तपासून घ्या. ती ठीक असेल तर सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा, मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) दोन जाड बोल्टवर मीटर लावा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. 'टक्' होऊन मोटर फिरली नाही आणि मीटर जवळजवळ 12 व्होल्ट दाखवतोय, म्हणजे आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत. मला तरी तुमच्या केसमध्ये हाच संशय आहे, कारण सोलेनॉइडच्या ओढणाऱ्या कॉइलचा करंट मोटरच्या कार्बनमधूनच (फिरत्या भागाला टेकून करंट देणारे ब्रश) अर्थला जातो, त्यामुळे टक् चांगला दणकट येत असेल तर कार्बन बहुतेक अजून टेकतायत.

खोलताना पहिली बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सेल्फच्या जाड वायरला सहसा फ्यूज नसतो, चावी बंद असली तरी ती जिवंत असते, पाना बॉडीला टेकला की ठिणग्याच. आणि गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर अजिबात नाही, स्टँड लावा. सोलेनॉइडचं झाकण स्क्रूचं असेल तर आतली तांब्याची चकती उलटी करून बसवता येते, बोल्ट अर्धा फिरवून न झिजलेली बाजू पुढे आणता येते. झाकण प्रेस केलेलं असेल तर भानगडीत पडू नका, सोलेनॉइड नवा टाका.

एवढं खोललंच आहे तर कार्बन पण बघा, अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर स्प्रिंगसकट बदला. कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) बारीक पॉलिश पेपरने साफ करा, एमरी नको, तिचे कण फटीत अडकून शॉर्ट करू शकतात. पिनियनचा (सेल्फच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) क्लच पेट्रोलमध्ये बुडवू नका हां, आतलं ग्रीस धुऊन जातं, कापडाने पुसला की बास. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) घासून चकचकीत झालं असेल तर बुश (त्याचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) गेलेत, ते बदला. जळका वास असेल किंवा कॉम्युटेटरची पट्टी उचलली असेल तर मात्र घरी रिवाइंडिंग (तार नव्याने गुंडाळणं) करत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्न: सेल्फवर हातोडी मारली की गाडी चालू होते, हे खरं का?

उत्तर: होते कधीकधी, अडकलेला कार्बन हलतो म्हणून. पण बऱ्याच नव्या सेल्फमध्ये आत कायमचे मॅग्नेट चिकटवलेले असतात, जोरात मारलं तर ते तडकतात आणि मग दुरुस्त करण्यासारखं काही राहतच नाही. अगदीच अडलात तर लाकडाच्या दांड्याने हलकं ठोका आणि घरी पोचल्यावर कार्बन बघा.