चर्च सुटलं म्हणजे देवही सुटला का?

"चर्चला जाणं थांबलं, आता मी ख्रिस्ती राहिले का?" मी समुपदेशक आहे, आणि पुण्यातल्या ख्रिस्ती घरांमधून हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. थेट कुणी विचारत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, रविवार उजाडला की डोकं धरतं, अशी सुरुवात असते आणि खरी गोष्ट हळूहळू बाहेर येते.

रूथताईंचं तसंच झालं (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). राहायला वडगाव शेरीत, शाळेत शिक्षिका, माहेर नगरचं. आजोबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, त्यामुळे बायबल आणि गाणी घरातच मुरलेली. लग्न होऊन पुण्यात आल्यापासून त्या मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, क्वायरमध्ये गात होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, त्यानंतर एका रविवारी उपदेशात घर मोडणाऱ्या बायकांचा विषय निघाला. नाव कुणाचं घेतलं नाही, पण पुढच्या बाकांवरच्या माना मागे वळल्या. मग क्वायरमधून थोडे दिवस थांबा, असा निरोप आला. त्या थांबल्या त्या थांबल्याच.

एखाद्याच्या संसाराचं दुखणं उपदेशात काढणं हा अन्याय आहे, हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं. समुपदेशकाने बाजू घेऊ नये म्हणतात, पण दुखावलेल्या माणसाला "दोन्ही बाजू असतात" हे ऐकवणं मला पटत नाही.

त्यांना मात्र त्या अपमानापेक्षा आईचा फोन जास्त छळत होता. आई दर आठवड्याला नव्या करारातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातलं वचन ऐकवायची, एकत्र मिळणं सोडू नका म्हणून. "मी सोडलंय ना, मॅडम. म्हणजे मी देवालाच सोडलं," असं म्हणून त्या रडायच्या.

मी धर्मशास्त्राची जाणकार नाही, आणि वारकऱ्यांच्या घरातली आहे, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. देव कुठे भेटतो याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "रूथताई, तुमचा पूर्वीचा रविवार मला लिहून दाखवा. उठल्यापासून झोपेपर्यंत."

त्यांनी शाळेच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून आणलं. पहाटे उठून मटण शिजायला टाकणं. स्टार्च केलेली साडी. लवकर जाऊन पेटीवर सूर लावून घेणं. अल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या सुराची ओळ बसत नाही म्हणून शेजारणीच्या कोपराला धक्का देणं. उपासनेनंतर चहा. मग आजारी माणसांच्या घरी दोघी-तिघींनी जाऊन प्रार्थना, एखादं गाणं, आणि निघताना त्यांच्या ओट्यावरची भांडी घासून ठेवणं. पूर्ण कागदात उपदेशाला एक ओळ होती. गाण्याला आणि घरोघर जाण्याला अर्धं पान.

कागद मी त्यांच्यासमोर ठेवला. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला गायचंय. आणि कुणाच्या तरी घरी जायचंय."

माझं म्हणणं इथेच आहे. चर्च सुटतं तेव्हा माणूस दोन गोष्टींना एकदम मुकतो, देवापुढे बसायची सवय आणि आपली माणसं. दुःख मात्र एकच वाटतं आणि सगळा दोष श्रद्धेवर जातो. नेमकं काय हरवलंय ते ओळखलं, तर त्यातलं बरंचसं परत उभं करता येतं. जे येत नाही, त्याचं दुःख करायलाही मोकळीक मिळते.

त्याआधी त्यांनी दोन-तीन वाटा चोखाळल्या होत्या. मोबाइलवर उपदेश ऐकले, पण एकटीने ऐकून जास्तच एकटं वाटलं. पिंपरीतल्या एका हॉलमधल्या सभेला गेल्या, संगीत आवडलं, पण तिथे त्यांना थायरॉइडची गोळी बंद करून विश्वासाने बरं व्हायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, हे फार बरं झालं. नव्या गटात औषध थांबवायला सांगत असतील, घरच्यांशी संबंध तोडायला लावत असतील किंवा पगाराचा हिशेब मागत असतील, तर तिथून सरळ उठून या. देवाचं नाव घेतलं म्हणून हे चालवून घ्यायचं नसतं.

मी त्यांना ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांची आठवण दिली. त्यांची गाणी रूथताईंना तोंडपाठ होती, पण पुढची हकिगत ठाऊक नव्हती. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणारा कुणीही त्यात यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. दोनच वर्षांनी ते गेले. आपल्या पुण्यातही शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम १९२७ पासूनचा, आणि १९७२ पासून तिथे अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. मराठी ख्रिस्ती माणसाने रविवारच्या बाकाबाहेर देव शोधणं हे काही रूथताईंपासून सुरू झालेलं नाही. हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरची अपराधाची छाया उतरलेली मला दिसली.

आईच्या वचनाचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी मंडळी जमायची, असा उल्लेख रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात आहे. तो त्यांनी फोनवर आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "मग तुझ्या घरी कोण जमतं?"

प्रश्न रास्त होता. आता शनिवारी संध्याकाळी चौघी जमतात. सोसायटीतली एक कॅथलिक नर्स, शाळेतल्या भजन म्हणणाऱ्या कुलकर्णीबाई, क्वायरमधली ती कोपर खाणारी मैत्रीण आणि रूथताई. पेटी असते, टिळकांची पदं असतात, तुकोबांचा अभंगही असतो. थोडा वेळ गप्प बसणं, ज्याची त्याची प्रार्थना, आणि महिन्यातून एकदा ससूनमध्ये रुग्णांच्या नातेवाइकांसाठी डबे. दोन आठवडे कुणीच आलं नाही तेव्हा रूथताई पुन्हा खचल्या होत्या. लहान गट असाच डळमळतो, त्याची तयारी ठेवावी लागते.

व्यवहाराच्या शंका मागे राहतातच. "मुलीचं लग्न कोण लावणार? मला माती कोण देणार?" याला कुणी हसू नये. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात सरकारने नेमलेल्या विवाह निबंधकापुढे लग्न करायची सोय आहे, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा कुठल्याही धर्माच्या जोडप्याला चालतो. दफनाचं मात्र बऱ्याच ठिकाणी मंडळीच्या नोंदवहीवर अडतं. म्हणून रागाच्या भरात नाव कमी करून घेऊ नका, वर्गणी चालू ठेवा, पावत्या जपा आणि नियम काय आहेत ते कमिटीकडून लेखी मागून घ्या.

रूथताईंनी नाव ठेवलंय. नाताळला आईला घेऊन त्या उपासनेला जाऊन आल्या, मागच्या बाकावर बसल्या, गाणी मोठ्याने म्हणाल्या. परत क्वायरमध्ये जायचं का, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. मीही त्यांना त्याची घाई करत नाही.