सैतान यायच्या आधीच माणसं गायब होत होती

रशियन लेखक बुल्गाकोवच्या 'मास्टर अँड मार्गारिटा' या कादंबरीची शंभरेक पानं झाली, ट्रामखाली मुंडकं गेलं, बोलणारा बोका आला, पण स्टालिनचं नावसुद्धा नाही. मग हिला राजकीय कादंबरी का म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. रास्त आहे. पहिल्या वाचनात मीही नुसता बोक्यावर खूश होतो.

सातवं प्रकरण पुन्हा काढा. सादोवाया रस्त्यावरचा पन्नास नंबरचा फ्लॅट. सैतान तिथे मुक्कामाला यायच्या दोन वर्षं आधीपासून तिथली माणसं नाहीशी होतायत. सुट्टीच्या दिवशी एक पोलीस येतो आणि भाडेकरूला म्हणतो, मिनिटभर चौकीत चला, एक सही हवीय. भाडेकरू मोलकरणीला सांगतो, फोन आला तर दहा मिनिटांत येतो म्हणावं. पांढरे हातमोजे घातलेल्या त्या अदबशीर पोलिसाबरोबर तो जातो तो जातोच. पोलीसही पुन्हा दिसत नाही! मोलकरीण अनफिसा म्हणते, हे चेटूक आहे, कुणी नेलं तेही मला ठाऊक आहे, पण रात्रीच्या वेळी नाव घेणार नाही. आपल्याकडे रात्री सापाला 'जनावर' म्हणतात ना, तसंच. गुप्त पोलिसांचं नाव कादंबरीभर कुठेच येत नाही.

आता तेरावं. मास्टर, म्हणजे कादंबरीतला लेखक-नायक, इस्पितळात इवान या तरुण कवीला आपली कहाणी सांगतोय. ऑक्टोबरातल्या एका रात्री त्याची प्रेयसी मार्गारिटा घरी गेली आणि पाव तासानं खिडकीवर टकटक झाली. पुढचं तो इवानच्या कानात सांगतो, आपल्याला ऐकू येत नाही. मग एकदम जानेवारीचा मध्य: तोच कोट, पण बटणं तुटलेली. तुरुंगात कैद्यांची बटणं काढून घेत. मधल्या तीन महिन्यांबद्दल बुल्गाकोव एवढंच लिहितो, आणि त्या काळच्या मॉस्कोकराला तेवढं पुरेसं होतं.

सैतान म्हणजे स्टालिन, हे समीकरण मला स्वतःला पटत नाही. वोलांड (कादंबरीतल्या सैतानाचं नाव) लाचखोरांची, चहाडखोरांची खोड मोडतो, पण त्या फ्लॅटमधली पहिली माणसं त्यानं नेलेली नाहीत. स्टालिनशी बुल्गाकोवचा संबंध आला तो वेगळ्याच रीतीनं. 1928 मध्ये सुरू केलेलं या कादंबरीचं हस्तलिखित त्यानं 1930 मध्ये जाळलं, सरकारला पत्र लिहिलं, आणि 18 एप्रिलला खुद्द स्टालिनचा फोन आला. मॉस्को आर्ट थिएटरात नोकरी मिळाली. कादंबरी पुन्हा लिहायला घेतली. मार्च 1940 मध्ये गेला, त्याच्या थोडं आधीपर्यंत तो बायकोला, येलेनाला, दुरुस्त्या सांगत होता.

छापली गेली ती थेट 1966-67 मध्ये, 'मोस्क्वा' मासिकात, तीही कात्री लावून. सोव्हिएत रशियात पूर्ण पुस्तक यायला 1973 उजाडलं. म्हणून तुमची प्रत तपासा. मिरा गिन्झबर्ग यांचा इंग्रजी अनुवाद त्या कापलेल्या मजकुरावरून झालेला आहे. पंधराव्या प्रकरणात त्या फ्लॅटच्या इमारतीच्या समितीचा अध्यक्ष निकानोर इवानोविच याला स्वप्न पडतं: नाटकगृह, जमिनीवर बसलेले दाढीवाले प्रेक्षक, आणि रंगमंचावरून गोड आवाजात आग्रह, 'परकीय चलन जमा करा.' ते स्वप्न तुमच्या प्रतीत नसेल, तर दुसरी मिळवा आणि मगच पुढे वाचा.