‘ह्युमिक’ म्हणजेच ह्युमस का?

सांगोल्याच्या एका डाळिंब बागायतदारांनी विचारलंय: खताच्या दुकानात ‘ह्युमिक’ मिळतं, मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कुथित मृदा’ आहे आणि माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ लिहिलेला असतो. ही एकाच वस्तूची तीन नावं का?

नाही. आणि एकाच्या जागी दुसरं धरलं तर खिशाला फटका बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ शब्द ‘ह्युमस’. लॅटिनमध्ये त्याचा साधा अर्थ जमीन, माती. संस्कृतातला ‘क्ष्मा’ (पृथ्वी) त्याच मुळातला, त्यामुळे हा शब्द वाटतो तितका परका नाही. पुढे शास्त्रात अर्थ आकसला. पालापाचोळा, मुळं, शेण कुजून मातीच्या कणांना धरून राहिलेला, मूळ रूप ओळखू न येणारा काळसर भाग, तेवढाच ह्युमस.

‘ह्युमिक’ हे त्याचं विशेषण. ‘पांढरी मुळी चालायला (म्हणजे नवी मुळं फुटायला) ह्युमिक सोडलं’ असं आपल्याकडे म्हणतात, तिथे ते नाम झालं. त्याला माझी हरकत नाही. पण ते नाव मुळात एका कृतीवरून पडलंय. १७८६ साली आखार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पीट, म्हणजे दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर, अल्कलीत विरघळवला. मग आम्ल घातल्यावर काळा साका तळाशी बसला. व्याख्या आजही तीच: अल्कलीत विरघळतं आणि आम्लात खाली बसतं ते ह्युमिक आम्ल, दोन्हींत विरघळतं ते फुल्विक, कशातच विरघळत नाही ते ह्युमिन. असे रेणू मातीत तयार असतात की अल्कलीच्या प्रक्रियेमुळे तसे दिसतात, हा प्रश्न लेमन आणि क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जोरात मांडला. त्यावर अजून वाद आहे.

दुकानातलं ‘ह्युमिक अ‍ॅसिड’ बहुधा पोटॅशियम ह्युमेट असतं, लिओनार्डाइट या लिग्नाइटसारख्या (तपकिरी कोळशासारख्या) खनिजापासून काढलेलं. नावात अ‍ॅसिड असलं तरी त्याचं द्रावण अल्कधर्मी. ड्रिपमधून फॉस्फरिक अ‍ॅसिडसोबत सोडलंत तर आखार्डचाच प्रयोग तुमच्या नळीत होईल आणि ड्रिपर तुंबतील. त्याचा खरा गुण लोहासारखी मूलद्रव्यं धरून ठेवण्याचा. सोलापूरच्या चुनखडीच्या जमिनीत लोह अडकतं, पानांवर केवडा पडतो (पानं पिवळी पडतात), तिथे या गुणाचा उपयोग आहे.

‘कुथित मृदा’ मला पटत नाही. कुथित म्हणजे सडलेलं, पण ह्युमस हा कुजून बराचसा स्थिरावलेला भाग. शिवाय तो मातीचा एक अंश, आख्खी मृदा नव्हे. मी ‘ह्युमस’च लिहितो.

‘सेंद्रिय कर्ब’ हे मोजमाप आहे, मातीतल्या सेंद्रिय पदार्थात कार्बन किती त्याचं. त्याला १.७२ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थाचा अंदाज येतो. जमीन काळी म्हणून कर्ब भरपूर, असंही नाही. बेसॉल्टपासून झालेल्या चिकणमातीला थोडा सेंद्रिय भाग घट्ट चिकटला तरी ती गडद दिसते. एकरभर जमिनीच्या वरच्या अर्ध्या फुटातली माती साधारण ८ लाख किलो भरते. कर्ब नुसता ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ८०० किलो कर्ब मातीत टिकायला हवा. एकरी किलो-दोन किलो ह्युमिकने तो आकडा हलत नाही, त्यासाठी शेणखत, ताग, धैंचा, पाचट हेच वर्षानुवर्षं घालावं लागतं.