ठाण्यातल्या ईस्ट इंडियन पूर्वजांचा माग चर्चच्या नोंदींतून कसा काढायचा?

तुमचे पणजोबा ठाण्याचे ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाणे भागातले स्थानिक कॅथलिक ख्रिस्ती), आडनाव परेरा, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे आणि पुढं कसं जायचं ते विचारलंय. मी स्वतः काही वर्षं हाच शोध घेतोय, म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी, आडनावाच्या मागे लागू नका. पोर्तुगीज अमलात बाप्तिस्मा देताना बहुतेकदा पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्याचं, गॉडफादरचं) आडनाव दिलं जाई. त्यामुळे एकाच पाड्यात दहा घरं परेरांची, आणि त्यांचं आपसात रक्ताचं नातं असेलच असं नाही. गावात माणूस ओळखला जायचा तो घरावरून: विहिरीजवळचे, ताडाखालचे, वरच्या आळीचे. हे घरनाव घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईकडून काढून घ्या. पुरुषांपेक्षा आत्या-आजींना ते जास्त आठवतं, हा माझा अनुभव.

मग पॅरिश ऑफिस, म्हणजे तिथल्या चर्चचं कार्यालय. ठाण्यात असाल तर तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चपासून सुरुवात करा. बाप्तिस्म्याच्या नोंदींची जुनी वही सहसा हातात देत नाहीत, त्यामुळे नाव, आईवडिलांची नावं आणि अंदाजे पाच-सात वर्षांचा टप्पा लिहून रीतसर अर्ज द्या. एकच माणूस पोर्तुगीज नोंदीत जुझे, लॅटिनमध्ये योसेफुस आणि इंग्रजीत जोसेफ असतो; तिन्ही रूपं अर्जात लिहा. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, त्या धामधुमीत साष्टीतली (मुंबईच्या उत्तरेचं, ठाण्यासकटचं बेट) बरीच चर्च ओस पडली. त्याआधीच्या अखंड वह्यांची आशा धरू नका.

नोंद सापडली की धर्ममायबापांची नावं नीट पाहा. माझ्या बाबतीत एकाच नावाचे तिघे निघाले, तिघांच्या जन्मात जेमतेम चार वर्षांचं अंतर. आमचा कोणता, ते धर्ममातेच्या नावावरून कळलं, कारण ती आजीच्या माहेरची निघाली. त्या दिवशी मी ऑफिसबाहेर पायरीवर बराच वेळ बसून होतो. विसाव्या शतकातली नोंद असेल तर समासही वाचा: पुढे लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं ते तिथेच लिहिलेलं असतं, म्हणजे पुढची वही कुठे शोधायची ते कळतं.

एका चर्चमध्ये काहीच मिळालं नाही तर खचू नका. 1928 पर्यंत मुंबई-साष्टीत पाद्रोआदो (पोर्तुगालच्या आश्रयाखालची) आणि प्रोपागांदा (थेट रोमच्या हाताखालची) अशा दोन कॅथलिक धर्मसत्ता होत्या, त्यामुळे शेजारची दोन घरं वेगवेगळ्या चर्चची असू शकत.

सरकारी बाजूने तहसीलमध्ये कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14 मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मागा. जुनी पानं मोडी लिपीत असतील तर ती वाचणारा गाठा. जुनं घर ठाऊक असेल तर सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर वारसांची नावं उतरत येतात, आणि चर्चच्या वहीशी ती ताडून पाहता येतात.

आणि ते घर अजून उभं असेल तर याच रविवारी जा. दारावरची तुळई, अंगणातला क्रूस, त्यावर कोरलेलं साल आणि नाव, सगळ्याचे फोटो काढा. 1896 च्या प्लेगनंतर घराघरांनी, आळ्यांनी नवसाचे क्रूस उभारले, त्यांवर बांधणाऱ्यांची नावं असतात. आमच्या आळीतला क्रूस रीडेव्हलपमेंटमध्ये हलवला तेव्हा त्याची पाटी गेली, आणि तिचा फोटो आमच्यापैकी कुणाकडेच नाही.