जिंकलं की १६, हरलं की २४: सिस्टीम मुद्दाम हरवते का?

भुसावळच्या भावाचा प्रश्न असा: पाच विरुद्ध पाचच्या शूटर गेममध्ये जिंकल्यावर १६ पॉइंट मिळतात, हरल्यावर २४ जातात. सलग चार-पाच मॅच जिंकल्या की हमखास कच्चे साथीदार येतात, विनरेट (जिंकण्याचं प्रमाण) ५० टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. कंपनी मुद्दाम हरवते का?

आधी १६-२४चा हिशोब. या दराने नुसतं जागेवर टिकायला १०० पैकी ६० मॅच जिंकाव्या लागतात. ६० गुणिले १६ म्हणजे ९६०, आणि ४० गुणिले २४ म्हणजेही ९६०. ५५ जिंकल्या तरी २०० पॉइंट खाली. १०० पॉइंटांची एक पायरी धरली तर दोन पायऱ्या गेल्या. राग येणारच. पण स्क्रीनवर दिसते ती रँक वेगळी आणि जोड लावताना, म्हणजे कोण कुणाविरुद्ध खेळणार हे ठरवताना, सिस्टीम बघते तो एमएमआर (मॅचमेकिंग रेटिंग, तुमच्या खेळाच्या ताकदीचा आकडा) वेगळा. एमएमआर लपलेला असतो. रँक त्याच्या वर असली की जिंकल्यावर कमी मिळतं आणि हरल्यावर जास्त जातं. खाली असली की उलट. व्हॅलोरंट या शूटर गेमच्या बाबतीत तो बनवणाऱ्या रायट कंपनीने हे स्वतः उघड सांगितलं आहे. सलग हरताना बऱ्याचदा एमएमआर आधी घसरतो. पायरीच्या तळाशी रँकला थोडा आधार दिलेला असतो, म्हणून ती मागून उतरते. तुमचे १६-२४ म्हणजे बहुधा हेच अंतर. ते भरून निघालं की आकडे बरोबरीला येतात. नवं अकाउंट काढून ते भरत नाही, उलट नवख्यांच्या मॅच तेवढ्या नासतात.

आता ५० टक्के. रेटिंगचं मूळ गणित अर्पाड एलो या भौतिकशास्त्रज्ञाने बुद्धिबळासाठी मांडलं, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ते १९७० मध्ये स्वीकारलं. त्यात दोघं बरोबरीचे असतील तर प्रत्येकाची अपेक्षा (एका डावामागे सरासरी मिळणारे गुण, विजयाला १, बरोबरीला अर्धा) ०.५०, एकाचे २०० पॉइंट जास्त असतील तर त्याची ०.७६, ४०० असतील तर ०.९१. यात्रेच्या दंगलीत पंच तोडीस तोड जोड लावतात तेव्हा कुस्ती कुणीही मारू शकतो, म्हणून तर लोक बघायला थांबतात. जोड नीट लागली की विनरेट ५० कडे सरकतोच. तो फसवणुकीचा पुरावा होत नाही.

सलग पराभवांचंही तसंच. नाणं १०० वेळा उडवलं तर कुठेतरी लागोपाठ पाच काटे पडण्याची शक्यता ८१ टक्के आहे. साथीदारांबद्दल एक साधी मोजदाद करा: तुमच्या बाजूला अनोळखी जागा चार, समोर पाच. म्हणजे कच्चा गडी समोर पडण्याची शक्यताच थोडी जास्त.

तरी शंका निराधार म्हणणार नाही. २०१७ मध्ये ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीला असं पेटंट मिळालं, ज्यात गेममधली खरेदी वाढावी अशा बेताने जोड्या लावण्याची कल्पना होती. ते कुठल्याही गेममध्ये वापरलेलं नाही असं कंपनीने सांगितलं. जोड कशी लावतो हे कंपन्यांनी खुलं करावं, ही मागणी मला रास्त वाटते.

खरा अन्याय मला दुसरीकडे दिसतो. सरासरी सारखी असली म्हणजे मॅच सारखी होत नाही: एक तगडा आणि चार कच्चे, समोर पाच मध्यम, असं असेल तर तगडा पडला की राउंड गेला. एकमेकांशी बोलत खेळणारी पाच जणांची पार्टी एकेकट्या पाचांपुढे आली तर तेच. रात्री दोन वाजता रांगेत माणसंच कमी असतात, म्हणून सिस्टीम थोडा वेळ थांबून फरकाची मर्यादा सैल करते आणि लांबची जोडही लावून टाकते. त्यात मुंबईऐवजी सिंगापूरचा सर्व्हर लागला तर पिंगने (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाने) आधीच हरलात.

म्हणून ५० मॅचची नोंद वहीत ठेवा. रकाने पाच: वेळ, पार्टीत किती जण, पिंग, निकाल, पॉइंट. साथीदार कसा होता हे लिहू नका, हरल्यावर तो नेहमी वाईटच वाटतो. ५० मॅचमध्ये १८ ते ३२ विजय हा निव्वळ नशिबाचा खेळ असू शकतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका. पॉइंटचा रकाना मात्र लगेच बोलतो: १६चे १८, १९ होऊ लागले तर अंतर भरतंय. रात्रीच्या मॅच वेगळ्या काढून बघा. सर्व्हर निवडायची सोय असेल तर मुंबईच ठेवा, वायफायऐवजी केबल लावा. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बंद पडतो, आणि अर्ध्यात सुटलेली मॅच हार धरली जाते, वर दंड बसतो. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टचे असतात. ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून त्या मापाचा मिनी यूपीएस (लाइट गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) घ्या.