वाचकांचे प्रश्न : परदेशात पाठीवर बॅग, पण सोबत कोणाची?

प्रश्न : फेब्रुवारीत १८ दिवस व्हिएतनाम आणि कंबोडिया करायचं आहे. सुरुवातीला आम्ही पाच मैत्रिणी होतो, आता मी एकटीच उरले. टूर कंपनीबरोबर जायचं नाही. घरचे म्हणतात, "एकटीनं काऊन जायचं?" ओळखीबाहेरची सोबत शोधावी का? माणूस बरा आहे हे कळणार कसं?
— वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : शोधावी, पण सोबत शोधण्याआधी तारखा पक्क्या करा. व्हिएतनामी नववर्ष, म्हणजे 'तेत', चांद्र पंचांगाप्रमाणे साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात कधीही येतं. त्या आठवड्यात सगळा देश गावी जातो. रेल्वे-बस भरलेल्या, खानावळी बंद. त्या वर्षीचं तेत बघा आणि ते संपल्यावर चार-पाच दिवसांनी पोहोचा.

मग एका कागदावर तीनच गोष्टी लिहा : जाण्या-येण्याची तारीख, रात्रीच्या मुक्कामाला जास्तीत जास्त किती पैसे, आणि तिकीट काढायची शेवटची तारीख. हा कागद घेऊन माणसं शोधा. ग्रुपवर "मी पण, मी पण" म्हणणारे वीस निघतात; ठरल्या तारखेपर्यंत तिकीट काढतो तोच सोबती. तुमच्या चार मैत्रिणी गळाल्या त्याचं कारणही बहुधा हेच असेल, की तिकिटाची तारीख कोणी ठरवलीच नव्हती.

शोधायचं कुठे? रविवारी ट्रेकला किंवा सायकलवर जाणाऱ्या गटांत, यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या शिबिरांत, कॉलेजच्या जुन्या बॅचमध्ये. ज्याच्याबरोबर आधी कोणीतरी घाम गाळलाय, त्याच्याबद्दल चौकशी करता येते. निव्वळ समाजमाध्यमावर भेटलेली व्यक्ती असेल तर आधी व्हिडिओ कॉल, मग नागपुरातच दोनदा भेट, आणि एक भेट घरच्यांसमोर. पहिल्याच बोलण्यात पासपोर्टची प्रत मागणारा, "बुकिंग मी करतो, पैसे माझ्या खात्यात टाका" म्हणणारा किंवा "तिकडच्या नातेवाइकाला एवढं पाकीट द्या" म्हणणारा दिसला की विषय तिथेच संपवा.

त्यानंतर परीक्षा. पचमढी किंवा चिखलदरा, दोन रात्री, बसने. कोणाच्या गाडीने नाही. गाडी असली की सगळे सुखात असतात आणि काहीच कळत नाही. साधं लॉज घ्या आणि बघा : बस दोन तास उशिरा आली तर हा माणूस काय करतो? भुकेला की चिडतो का? आपला वाटा न मागता देतो का? तुम्ही दमून बसलात तर थांबतो, की पुढे निघून जातो? नीटनेटकेपणा, आवडीनिवडी यांवर तडजोड होते. पैसा आणि उठण्याची वेळ यांवर होत नाही. एकाला सहाला निघायचंय आणि दुसरा दहाला उठतो, तर चौथ्या दिवशी अबोला ठरलेला.

संख्येबद्दल थोडं. दोघी सर्वांत सोयीच्या. तिघींत खोलीचा हिशेब बिघडतो, कारण खोल्या दोघांच्या असतात. चौघी ठीक, पण चार मोठ्या बॅगा घेऊन साध्या टॅक्सीत मावत नाही, सात आसनी मागवावी लागते.

आणि कोणीच मिळालं नाही तर? तुमचा मार्ग एकटीने जाण्यासाठी अवघड नाही. व्हिएतनाममधलं हनोई आणि होई आन, कंबोडियातलं सिएम रीप इथल्या हॉस्टेलांत मुलींसाठी वेगळ्या डॉर्म (सामाईक खोल्या) असतात, आणि 'हा लाँग' उपसागरातली बोट किंवा शहरातली पायी फेरी घेतली की दोन-तीन दिवसांची सोबत तिथेच जुळते. घरच्यांना पहिल्या तीन रात्रींचा पत्ता लिहून द्या, रोज बोलायची एक वेळ ठरवा, लोकेशन चालू ठेवा. "काळजी करू नका" म्हणण्यापेक्षा आईला याचा जास्त आधार वाटेल.

प्रश्न : आम्ही चार मित्र. एक जण आपल्या कार्डावरून सगळ्यांची तिकिटं काढतोय : नागपूर-मुंबई वेगळं, मुंबई-हनोई वेगळं, मध्ये तीन तास. एकत्र तिकिटापेक्षा स्वस्त पडतं. ठीक आहे ना?
— वाचक, मानेवाडा

उत्तर : नाही, दोन्ही बाबतींत नाही.

वेगळ्या पीएनआरवर मुंबईला बॅग हातात घ्यावी लागते, पुन्हा जमा करावी लागते. आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. नागपूरचं विमान टर्मिनल १ ला उतरलं तर टर्मिनल २ ला रस्त्याने जायचं, ते मुंबईच्या रहदारीतून. तीन तासांतले हातात उरतात दीड-दोन. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. तुम्ही 'नो-शो' ठरता आणि त्याच पीएनआरवरचं परतीचं तिकीटही बहुतेक वेळा रद्द होतं. वेगळीच तिकिटं घ्यायची असतील तर मध्ये किमान सहा तास ठेवा, नाहीतर आदल्या संध्याकाळी दुरांतोने निघा. दिल्लीमार्गे असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात सहा तासही कमीच.

दुसरं, चौघांचं तिकीट एका पीएनआरवर नको. एक जण गळाला तर पीएनआर तोडावा लागतो आणि परतावा ज्याच्या कार्डावरून पैसे गेले त्यालाच मिळतो. भांडण तिथून सुरू होतं. एकाच वेळी चौघांनी आपापल्या फोनवरून तेच विमान घ्यावं. विमाही प्रत्येकाचा वेगळा, आणि प्रत्येकाकडे चालणारं स्वतःचं कार्ड. बँकेच्या ॲपमधून त्याचा परदेशातला वापर निघण्याआधीच चालू करा, मूळ स्थितीत तो बंद असतो.

रोजच्या खर्चासाठी सामाईक पाकीट चांगलं. प्रत्येकी १० लाख डोंग (व्हिएतनामी चलन, साधारण साडेतीन हजार रुपये) टाका. खोली, टॅक्सी, प्रवेश शुल्क त्यातून. जेवण आणि बिअर ज्याची त्याने. पाकीट सांभाळणाऱ्याने एक लक्षात ठेवावं : २० हजार आणि ५ लाखांची नोट, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्ही निळ्या. रात्री टॅक्सीच्या मंद दिव्यात एकीच्या जागी दुसरी जाते, पंचवीस पट. ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

प्रश्न : व्हिएतनामचा ई-व्हिसा स्वतः काढता येतो का? एजंट बराच जास्त दर सांगतोय.
— वाचक, महाल

उत्तर : येतो. सरकारी संकेतस्थळावर एकवेळ प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकवेळचा ५० डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. अर्ज फेटाळला तरी शुल्क परत नाही. चुका नावातच होतात. आपल्याकडे पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, दोन्ही असतात. अर्जात मधलं नाव गाळलं की पासपोर्टशी जुळत नाही. पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी बघून तसंच्या तसं भरा आणि विमानाच्या तिकिटावरही तेच ठेवा. प्रवेशाचं ठिकाणही अर्जात निवडावं लागतं. हनोई विमानतळाचं नाव 'नोई बाई'. व्हिएतनाममधून कंबोडियात जाऊन पुन्हा हो ची मिन्हहून परत उडायचं असेल तर २५ डॉलरचा व्हिसा चालणार नाही, हे अनेकांच्या सीमेवर लक्षात येतं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

प्रश्न : सोबतचे तिघे सर्व खातात, मी पूर्ण शाकाहारी. उपाशी राहीन का?
— वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही, फक्त एक शब्द पाठ करा : 'चाय' (chay), म्हणजे शाकाहारी; आपला चहा नव्हे. पाटीवर 'चाय' असलेली खानावळ बौद्ध शाकाहारी असते. तिथले बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात, त्या दिवशी असं जेवण सहज मिळतं. बाकी ठिकाणी नुसत्या भाजीतही माशाचा रस, 'नुओक माम', घालतात. "मांस नको" एवढं सांगून तो टळत नाही. तिखटाचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि लांबच्या रेल्वेसाठी चिवडा घरून घ्या. सोबत्यांना आधीच सांगा : दिवसातून एक जेवण 'चाय' खानावळीत, बाकी ते म्हणतील तिथे.

प्रश्न : नागपूर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून उत्तर व्हिएतनाममधल्या 'हा जियांग'च्या घाटात बाइक चालवता येईल ना?
— वाचक, जरीपटका

उत्तर : परवाना मिळेल. १,००० रुपये शुल्क, एक वर्ष मुदत. पण भारत तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार देतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा मानतो. त्यामुळे तिथे तुमची बाइक कायद्याच्या नजरेत विनापरवाना ठरते. दंड एक वेळ भरून सुटाल, पण अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारते, आणि हाड मोडल्यावर हनोईच्या रुग्णालयाचं बिल स्वतः भरावं लागतं. भाड्याने देणारा परवाना विचारत नाही, म्हणून चालतं असं समजू नका. हा जियांगला स्थानिक चालकाच्या मागे बसून तीन-चार दिवसांची फेरी करता येते. 'ईझी रायडर' म्हणून मागा.